उलटतपासणी नाही

“यांना काही विचारायचंय का?” न्यायाधीशांनी आरोपीला विचारलं, आणि तो लिफ्टवाला माझ्याकडे न बघता, समोरच्या लाकडी कठड्याकडे बघत म्हणाला, “मी काय विचारू, साहेब?” झालं. न्यायाधीशांना सर्दी झाली होती. त्यांनी नाक पुसलं, टंकलेखकाकडे वळून सांगितलं, “लिहा, उलटतपासणी नाही,” आणि पट्टेवाल्याने मला उतरायची खूण केली. मी उतरलेच नाही. मला वाटलं, काहीतरी राहिलंय. महिनाभर मी आरशासमोर उभी राहून त्याच्या वकिलाशी भांडत होते. त्याला वकील नव्हता हे मला ठाऊक होतं, तरी भांडत होते. ‘तुम्ही तिथे कशाला गेला होतात?’ ‘अंधार होता ना?’ ‘भावाच्या प्रेमापोटी बोलताय ना?’ असले प्रश्न मीच विचारायचे आणि मीच त्याला फाडून खायचे. पदर खोचून भांडायला निघावं आणि शेजारणीने दारच उघडू नये, तसं झालं माझं. “उतरा बाई,” पट्टेवाला म्हणाला. पुढची साक्ष डॉक्टरांची होती, त्यांना दवाखान्यात परत जायची घाई होती. मी उतरले. माझ्या जागी डॉक्टर उभे राहिले आणि मी एका माणसाचं उरलेलं आयुष्य तिथे ठेवून आले होते याची कुणालाही पर्वा नव्हती.

बाहेरच्या व्हरांड्यात सरकारी वकिलांनी माझे दोन्ही हात हातात घेतले. ते माझ्या भावाचे दोस्त. आमच्या घरी जेवायला यायचे, आणि जेवल्यावर ताट स्वतः उचलायचे म्हणून वहिनीला त्यांचं फार कौतुक. “ताई, झकास झाली साक्ष. कुठे ओरखडा नाही. पुढच्या तारखेला मी बोलेन, मग निकाल. जन्मठेप कुठे जात नाही.” मी म्हणाले, “पण त्याने मला काहीच विचारलं नाही.” “कोण विचारणार? त्याला वकील आहे कुठे?” असं म्हणून ते हसले, आणि त्या हसण्यात अभिमान होता. तो अभिमान मला परका नव्हता. माझा भाऊ वकील. त्याच्याच ऑफिसात, कुणीतरी केलेल्या झटापटीत, त्याच्याच टेबलाच्या कोपऱ्यावर डोकं आपटून तो गेला तेव्हा गावातल्या साऱ्या वकिलांनी सभा भरवली आणि ठराव केला, की या लिफ्टवाल्याचं वकीलपत्र आपल्यापैकी कुणीही घ्यायचं नाही. मग दहा-बारा काळे कोट आमच्या बैठकीत येऊन बसले. “ताई, त्याला एकसुद्धा वकील मिळणार नाही, हा आमचा शब्द.” मी रडत होते. मी म्हणाले, “देव तुमचं भलं करो.” तेव्हा मला खरंच बरं वाटलं होतं. कुणीतरी आपल्या बाजूने दारं लावून घेतंय, असं वाटलं होतं.

आणि ज्याच्यासाठी ही दारं लावली, तो माझा भाऊ कसा होता? घरात त्याला आम्ही ‘वकीलसाहेब’ म्हणायचो ते चिडवायला. चौथीत असल्यापासून तो वकील. दूध उतू गेलं, की हा हजर. “ताई, तू शेवटचं पातेलं कधी पाहिलंस? पाहिलंस म्हणतेस, म्हणजे उभं राहून की जाता जाता? खिडकी उघडी होती? मग मांजरीला कशाला दोष देतेस? मांजरीची बाजू कुणी ऐकली?” मांजर बाहेर शेपटी चाटत बसलेली, आणि हा तिचा वकील. एकदा त्याने बाबांनाच धरलं. बाबांनी दुकानातल्या कारागिराला काढून टाकलं होतं, सोन्याची फ्रेम चोरली म्हणून. जेवताना याने एवढे प्रश्न विचारले की बाबा शेवटी ताटावरून उठले, दुकानात गेले, आणि फ्रेम काउंटरच्या फळीमागे पडलेली सापडली. बाबांनी कारागिराला परत बोलावलं. पण वकीलसाहेबाशी ते बरेच दिवस बोलले नाहीत, कारण खरं निघालं तरी बापाला उलट विचारायचं नसतं, असं त्यांचं म्हणणं. पुढे खरा वकील झाल्यावरही हा तसाच. दुसऱ्यांनी नाकारलेलं लफडं यालाच मिळायचं. मी म्हणायचे, “मेल्या, तुला चांगली माणसं भेटत नाहीत का?” तो म्हणायचा, “चांगल्या माणसांना वकील कशाला लागतो? त्यांच्याकडे तू आहेस.” हा लिफ्टवाला त्याचाच अशील. लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीने याला नोकरीवरून काढलं, भाऊ लढला, आणि हरला. निकालाच्या दिवशी लिफ्टवाला भर आवारात ओरडला होता, “तुम्ही मला विकलंत!” हे शंभर जणांनी ऐकलं. म्हणून तर सगळ्यांना इतकी खात्री. मलाही होती. मलाही आहे, असं मी दुकानाचं शटर वर करताना स्वतःला ठणकावून सांगत होते, आणि शटर नेहमीसारखं मध्येच अडकलं तर त्याला लाथ मारली.

आमचं दुकान चष्म्यांचं. बाबांच्या मागे मीच चालवते. कोर्टातून आले तर एक आजोबा वाट बघत बसलेले. त्यांना खुर्चीत बसवलं, एक डोळा झाकला, भिंग लावलं, आणि माझ्या तोंडून रोजचं वाक्य निघालं, “हे बरं, की हे?” पुन्हा भिंग बदललं. “पहिलं, की दुसरं?” आजोबा म्हणाले, “तुम्ही सांगाल ते.” मी त्यांच्यावर खेकसले. “मी कशाला सांगू? डोळे तुमचे की माझे?” बिचारे घाबरले. पण मी त्यांच्यावर नव्हते चिडले. बाबांनी मला हे काम शिकवलं तेव्हा पहिल्या दिवशी सांगितलं होतं, की एकच भिंग लावून ‘आता छान दिसतंय ना?’ असं गिऱ्हाइकाला कधी विचारायचं नाही. माणूस भिडस्त असतो, तो ‘हो’ म्हणतो, आणि आठ दिवसांनी डोकं धरून परत येतो. कायम दोन लावायची. निवड त्याला करू द्यायची. कधीकधी तर तेच भिंग काढून पुन्हा तेच लावायचं आणि बघायचं तो काय म्हणतो. निम्मे लोक म्हणतात, “हां, आता कसं स्वच्छ!” जन्मभर मी हे केलं. आणि त्या दिवशी पोलीस ठाण्यात काय झालं? बाकावर एक माणूस बसवलेला, हातात बेड्या, एक गाल सुजलेला. अधिकारी म्हणाला, “ताई, हाच ना?” घरात भावाचा देह होता. मी त्या माणसाकडे पाहिलं आणि म्हणाले, “हाच.” एकच भिंग, आणि मी ‘छान दिसतंय’ म्हटलं. मी! लोकांना त्यावरून ओरडणारी मी.

तो नसेल असं मी म्हणत नाही. हे आधी नीट ऐकून घ्या, कारण पुढे सगळ्यांनी तेच म्हटलं, की हिचं डोकं फिरलं, ही त्याला सोडवायला निघाली. सोडवायला माझं काय अडलंय! त्याने केलं असेल तर तो आत सडू दे, मी डोळ्यांतून टिपूस काढणार नाही. पण मला जे माहीत आहे ते असं. संध्याकाळ होती, त्या इमारतीची लिफ्ट बंद होती, जिन्यातला दिवा गेला होता. माझ्या हातात भावाचा चष्मा होता, कारण वकीलसाहेब स्वतःच्या चष्म्यावर बसायचे आणि मी दांडी बसवून द्यायची, हा आमचा जन्माचा धंदा. वरून एक माणूस धडधडत आला, माझ्या खांद्याला धडकला, क्षणभर त्याचं तोंड माझ्या तोंडासमोर आलं, रस्त्यावरचा उजेड जाळीतून त्याच्यावर पडला, ग्रीसचा वास आला, आणि तो गेला. एवढंच मी कोर्टात सांगितलं आणि एवढं खरं आहे. आता ऐका. मी माणसाचं तोंड नंतर बघते, आधी चष्मा बघते. खोड आहे ती. लग्नात नवऱ्यामुलाचं नाक कसं होतं विचाराल तर सांगता येणार नाही, पण फ्रेम सांगेन, आणि ती डावीकडे कललेली होती हेही सांगेन. जिन्यातल्या त्या माणसाची फ्रेम मला आठवत नाही. कितीही डोळे मिटून बसले तरी आठवत नाही. आणि साक्षीच्या दिवशी कोर्टात, पट्टेवाला ‘उतरा’ म्हणत असताना, मी आरोपीच्या तोंडाकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. त्याच्या नाकावर दोन्ही बाजूंना खोल खड्डे होते. लहानपणापासून जाड काचा वापरणाऱ्याच्या नाकावर असतात तसे. तो कठड्याकडे का बघत होता ते मला तेव्हा कळलं. त्याला त्याच्यापलीकडचं दिसतच नव्हतं. त्याचा चष्मा पोलिसांनी काढून घेतला होता, किंवा फुटला होता. असला माणूस अंधारात, चष्म्याशिवाय, दोन-दोन पायऱ्या उड्या मारत खाली येईल का? येईलही. जीव वाचवायला माणूस काय करत नाही! झटापटीत चष्मा पडला असेल. खिशात असेल. मला काय माहीत! माहीत नाही म्हणून तर कुणीतरी विचारायला पाहिजे होतं.

सरकारी वकिलांना मी घरी बोलावून हे सांगितलं. ते शांतपणे चहा ढवळत राहिले. साखर कधीच विरघळली होती, तरी ढवळत राहिले. मग म्हणाले, “ताई, हे तुम्हाला कुणी विचारलं का?” “नाही.” “मग सांगायचं नाही. साक्षीदाराने विचारलं तेवढंच बोलायचं असतं.” मी म्हणाले, “आणि विचारणाराच ठेवला नाही तर?” त्यांनी कप खाली ठेवला. “माझा मित्र गेलाय, ताई. त्याच्या पाठीमागे मी उभा राहतोय. तुम्ही मला कशाला अडचणीत आणता?” त्यांचे डोळे भरले होते, खोटं नाही बोलणार. ते वाईट माणूस असते तर मला किती सोपं गेलं असतं! चार शिव्या हासडल्या असत्या आणि मोकळी झाले असते. मी फक्त एवढं म्हणाले, “तुमच्या मित्राने मांजरीलासुद्धा वकील दिला होता.” त्यांना काही कळलं नाही. उठून गेले, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच कप स्वतः उचलला नाही.

वहिनी दाराआड उभी राहून ऐकत होती. माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, माझ्यापुढे कधी आवाज चढवला नाही तिने. ती आत आली. “वन्सं, तुम्ही नक्की कुणाच्या बाजूने आहात?” मी म्हणाले, “अगं, बाजूचा प्रश्न नाही.” “कसा नाही? माझं कपाळ फुटलंय. त्याला शिक्षा झाली की मला एकदा झोप लागेल, एवढंच मागतेय मी. तेही तुम्हाला बघवत नाही?” तिच्या जागी मी असते तर नणंदेचं तोंड पाहिलं नसतं. मी म्हणाले, “आणि तो नसेल तर? खरा जो आहे तो उद्या माझ्या दुकानात गॉगल घ्यायला येईल. मी त्याला आरसा दाखवीन, म्हणेन, शोभतोय तुम्हाला. चालेल तुला?” ती कानांवर हात ठेवून ओरडली, “तोच आहे! तुम्हीच म्हणालात तोच आहे! तुम्ही म्हणालात म्हणून मी त्याचा तिरस्कार केला!” हे मात्र माझ्या काळजात घुसलं. तिचा सगळा तिरस्कार माझ्या एका शब्दावर उभा होता, सगळ्या गावाचा उभा होता, आणि त्या शब्दाला कुणी साधा हात लावून बघितला नव्हता, की बाबा, टिकतोय का हा. दुकानात फ्रेम देतानासुद्धा आम्ही दांडी दोनदा वाकवून बघतो. वहिनी त्या रात्रीपासून माझ्याशी बोलेनाशी झाली. ताट वाढायची, पण भांडं जरा जोरात ठेवायची.

पुढच्या तारखेला मी कोर्टात जाऊन मागच्या बाकावर बसले. कुणी बोलावलं नव्हतं. सरकारी वकील बोलायला उठले तशी मीही उठले. आवाज मला वाटला त्याहून मोठा निघाला. “साहेब, माझी साक्ष अर्धीच झाली आहे.” सगळं कोर्ट मागे वळलं. पट्टेवाला धावत आला, “बाई, बसा, बसा.” “मी नाही बसणार. महिनाभर उभं राहायची सवय केली आहे मी.” न्यायाधीशांनी हात वर केला. त्यांची सर्दी अजून गेली नव्हती. “बाई, तुमची साक्ष नोंदली गेली आहे. ती कुणी खोडून काढलेली नाही. तुमचं समाधान व्हायला हवं.” मी म्हणाले, “खोडली नाही कसं म्हणता? तिला कुणी हातच लावला नाही. मला आरोपीच्या वकिलाने प्रश्न विचारायला हवेत.” “त्याला वकील नाही.” “तेच म्हणतेय मी. का नाही?” न्यायाधीशांनी रुमाल काढून नाक पुसलं. मग म्हणाले, “कोर्टाने तिघांना सांगितलं. तिघांनी नकार दिला.” “मग चौथ्याला सांगा. गावात नसेल तर गावाबाहेरून आणा. लिफ्ट बिघडली तर बाहेरून माणूस आणता ना?” कुणीतरी हसलं. सरकारी वकील म्हणाले, “साहेब, या शोकात आहेत, यांचं मनावर घेऊ नये.” ते ऐकलं आणि माझी तळपायाची आग मस्तकात गेली. साक्ष दिली तेव्हा मी शोकात नव्हते वाटतं? तेव्हा माझा शब्द ब्रह्मवाक्य, आणि आज मी वेडी! तसं मी भर कोर्टात म्हणाले. म्हणाले, “एक तर दोन्ही दिवशी माझं ऐका, नाहीतर दोन्ही दिवसांचं फाडून टाका. गेलेला माणूस माझा भाऊ आहे. त्याच्या नावाने तुम्ही एका माणसाचं तोंड बांधलंत, आणि त्याला हे विचारलंत का कुणी, की चालेल का म्हणून? मी विचारते त्याच्या वतीने. नाही चालणार.” लिफ्टवाला डोळे बारीक करून आवाज येत होता त्या बाजूला बघत होता. त्याला मी बहुतेक एक ठिपका दिसत असेन. न्यायाधीशांनी बराच वेळ कागद उलटसुलट केले. मला वाटलं, आता मला बाहेर काढतील, कदाचित कोठडीत टाकतील. म्हटलं टाका. शेवटी ते टंकलेखकाला म्हणाले, “लिहा. आजचा युक्तिवाद तहकूब. आरोपीला वकील मिळेपर्यंत पुढचं काम होणार नाही. वकील आल्यावर साक्षीदार पुन्हा तपासणीसाठी हजर राहतील.” मग माझ्याकडे बघून, जरा कमी आवाजात, “बसा आता.” मी बसले.

मधले दिवस कसे गेले ते मला विचारू नका. काळ्या कोटवाल्यांनी दुकानात येणं सोडलं, त्यांच्या बायकांनी सोडलं. एक ओळखीची बाई तयार झालेला चष्मा न्यायलासुद्धा आली नाही, वाचायचं सोडलं असेल तिने. दुकानासमोरून जाताना लोक आवाज कमी करायचे. मी मुद्दाम दारात खुर्ची टाकून बसायचे, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नजरेला नजर देत. बघा की! खणात भावाचा चष्मा पडलेला होता, दांडी बसवून तयार, द्यायचा राहिलेला. मी तो काढायचे, काचा पुसायचे, परत ठेवायचे. कधी वाटायचं, वकीलसाहेब आत्ता येतील आणि म्हणतील, “ताई, तू हे त्याच्यासाठी करतेयस की तुझा शब्द फुकट गेला म्हणून?” आणि मी सांगेन, “दोन्हीसाठी. पुढचा प्रश्न?”

वकील आला तो दुसऱ्या गावचा. म्हातारा, कोट मळलेला, आणि डोळ्यांवर काय ती फ्रेम! एका बाजूला चिकटपट्टी. मी पिंजऱ्यात उभी राहिले आणि पहिल्या वाक्यालाच तो मला आवडेनासा झाला. “बाई, तुमचा भाऊ तापट होता, नाही का?” “नाही.” “अशिलांवर ओरडायचा?” “माझ्यावर ओरडायचा. मी त्याची अशील नव्हते.” “तुम्हाला त्याचा राग यायचा?” “रोज.” तो एक-एक बोट दुमडत विचारत होता. जिना किती रुंद? दिवा कधीपासून बंद? जाळीतून उजेड कुठून यायचा? तुम्ही रडत होतात का? रडत नव्हतात तर मग कधी रडलात? भाऊ आतमध्ये पडलेला होता हे तुम्हाला तेव्हा माहीत नव्हतं, मग त्या माणसाकडे एवढं निरखून बघायचं कारण काय? माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. हा माणूस माझ्या भावाच्या शेवटच्या संध्याकाळीत चपला घालून फिरत होता. आणि तरी, काय सांगू, प्रत्येक प्रश्नागणिक माझे पाय जमिनीवर घट्ट होत होते. आरशात भांडत होते तो हाच होता. मागे वहिनी बसली होती. आज ती येईल असं वाटलं नव्हतं. “ठाण्यात तुम्हाला किती माणसं दाखवली?” म्हाताऱ्याने विचारलं. “एक.” “मोठ्याने सांगा.” “एक! एकच माणूस दाखवला, बेड्या घातलेला, आणि हाच ना म्हणून विचारलं.” सरकारी वकिलांनी मान खाली घातली. टंकलेखकाची बोटं खडखडली. लिफ्टवाल्याला त्याच्या वकिलाने कुठूनतरी चष्मा मिळवून दिला होता. नंबर थोडा चुकलेला, हे मला तिथूनही कळलं. पण पहिल्यांदाच तो सरळ माझ्याकडे बघत होता, आणि मी त्याच्याकडे. तुझ्यासाठी नाही करत मी, असं मी त्याला डोळ्यांनी सांगितलं. तू असशील तर तूच असशील. पण ते मला कळायला हवं.

म्हाताऱ्याने आपला चिकटपट्टीचा चष्मा काढला, कोटाला पुसला, आणि परत घातला. “बाई, तुमचा धंदा चष्म्यांचा. जिन्यात तुम्हाला जो माणूस धडकला, त्याच्या डोळ्यांवर चष्मा होता?”

“विचारलंत एकदाचं!” मी म्हणाले.

“साक्षीदाराने प्रश्नाचं उत्तर द्यावं,” न्यायाधीश म्हणाले.

मी वहिनीकडे पाहिलं. तिने नजर वळवली नाही.

“देते,” मी म्हणाले. “नव्हता. मला दिसला नाही. मी शपथेवर सांगते, आणि आता पुढचं विचारा. मी इथेच उभी आहे.”